राहेलचे रडणे आणि देवाचे मौन

दर वर्षी नोव्हेंबर महिन्याची २३ तारीख उजाडली की नागपूरच्या झिरो माइल परिसरात गोवारी समाजाची माणसे जमू लागतात. विदर्भाच्या खेड्यापाड्यांतून ती आलेली असतात. शहीद स्मारकापुढे फुले वाहतात, क्षणभर हात जोडून उभी राहतात आणि परतीच्या वाटेला लागतात. १९९४ साली याच दिवशी, विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन चालू असताना, अनुसूचित जमातीत आपला समावेश व्हावा या मागणीसाठी पिढ्यान्‌पिढ्या गुरे राखणाऱ्या या समाजाने विधान भवनावर प्रचंड मोर्चा आणला होता. आपले गाऱ्हाणे कोणीतरी ऐकून घेईल या आशेवर तो जमाव थांबला होता. संध्याकाळी लाठीमार झाला, पळापळ झाली आणि चेंगराचेंगरीत ११४ जीव गेले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले होती.

त्या वेळी आम्ही सेमिनरीचे विद्यार्थी होतो. योगायोग असा, की त्याच सत्रात आम्हांला बायबलमधील ईयोबाचा ग्रंथ शिकवला जात होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे वृद्ध प्राध्यापक वर्गात आले. त्यांनी दुसऱ्या अध्यायाचा शेवटचा भाग एका विद्यार्थ्याकडून वाचून घेतला. ईयोबाचे तीन मित्र त्याच्याजवळ सात दिवस व सात रात्री जमिनीवर बसून राहिले आणि त्याचे दुःख पाहून कोणी एक शब्दही बोलला नाही, असा तो भाग आहे. नंतर त्यांनी पुस्तक मिटले आणि घंटा होईपर्यंत ते स्वस्थ बसून राहिले. खरे सांगायचे तर आम्ही मनातून वैतागलो होतो. परीक्षा तोंडावर आली होती आणि तासभराचे टिपण बुडाले होते. ते आम्हांला काय शिकवीत होते, हे कळायला पुढे बरीच वर्षे जावी लागली.

वाचकहो, दुःख का आहे, हा प्रश्न तसा सर्वांनाच पडतो. स्वतःच्या चुकीने ओढवून घेतलेले दुःख माणूस निमूटपणे सोसतो. कष्टाचे दुःख फळाच्या आशेने सोसतो. परंतु ज्याने काहीही केलेले नाही त्याच्या वाट्याला यातना आल्या आणि ज्याला आपण दयाळू पिता म्हणतो तो देव त्या वेळी गप्प राहिला, की मग खरा प्रश्न उभा राहतो. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे आपल्या शेजारच्या भंडारा येथील जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि १० बाळे दगावली. त्यांतल्या कित्येकांचे अजून नावही ठेवले गेले नसेल. त्या बाळांनी कोणते पाप केले होते? त्यांच्या आईबापांनी परमेश्वराला कोणत्या शब्दांत हाक मारायला हवी होती?

अशा प्रसंगी आपल्या समाजात काही उत्तरे तयारच असतात. शेजारपाजारचे म्हणतात, मागल्या जन्मीचे भोग. आपण ख्रिस्ती लोक पुनर्जन्म मानीत नाही. पण म्हणून आपली उत्तरे फारशी वेगळी असतात असे नाही. कोणी म्हणतो, देवाने परीक्षा पाहिली. कोणी म्हणतो, घरात प्रार्थना कमी झाली होती. कोणी म्हणतो, देवाला जे आवडते ते तो लवकर नेतो. ही वाक्ये बोलणारी माणसे वाईट नसतात. शांतता त्यांना सोसवत नाही, म्हणून ती बोलतात. परंतु या उत्तरांना पवित्र शास्त्राचा आधार आहे का, हे एकदा तपासून पाहणे आवश्यक आहे.

ईयोबाच्या ग्रंथाचे ४२ अध्याय आहेत. आपल्यापैकी बहुतेकांना त्यांतले पहिले दोन आणि शेवटचा अर्धा तेवढे ठाऊक असतात. ऊस देशातला एक नीतिमान गृहस्थ, त्याची गुरेढोरे गेली, दहा मुले गेली, अंगावर फोड आले, तरी त्याने देवाला दोष दिला नाही आणि शेवटी त्याला सर्व दुप्पट मिळाले. धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण मुलांना हेच सांगतो. पण मधले जवळजवळ चाळीस अध्याय आपण गाळतो आणि खरा ग्रंथ तर तिथेच आहे. तिथला ईयोब सोशीक नाही. तो आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. देव आपल्याला विनाकारण चिरडतो आहे असे बोलून दाखवतो. देवाला न्यायासनापुढे उभे करता आले असते तर आपण आपली बाजू मांडली असती, असे म्हणतो.

आणि त्याचे मित्र? अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तिघे देवाची बाजू घेतात. त्यांची शिकवण अशी: देव न्यायी आहे, न्यायी देव निष्पापाला शिक्षा करीत नाही, तू दुःख भोगतो आहेस, त्या अर्थी तू पाप केले असले पाहिजेस. तर्काची साखळी बिनतोड वाटते. ती त्यांच्या पदरची नव्हे, हेही लक्षात ठेवले पाहिजे. आज्ञा पाळल्या तर आशीर्वाद आणि मोडल्या तर शाप, असे अनुवादाच्या ग्रंथात सांगितलेच आहे. म्हणजे ईयोबाचे मित्र धर्मग्रंथाच्या आधारानेच बोलत आहेत. त्यांची चूक एवढीच, की संपूर्ण राष्ट्राला दिलेला इशारा त्यांनी उलटा करून एका राखेत बसलेल्या माणसावर चालवला. पापाने दुःख येते, हे एक विधान झाले. दुःख आले म्हणून पाप असलेच पाहिजे, हे निराळे विधान आहे. पहिल्यावरून दुसरे निघत नाही.

ग्रंथाच्या शेवटी परमेश्वर निकाल देतो. धर्मरक्षणासाठी बोललेल्या त्या तीन मित्रांवर तो संतापतो आणि ते आपल्याविषयी योग्य बोलले नाहीत, माझा सेवक ईयोब मात्र योग्य बोलला, असे सांगतो. भांडणारा, तक्रार करणारा, देवाला जाब विचारणारा ईयोब योग्य ठरतो आणि देवाची वकिली करणारे दोषी ठरतात! त्यांनी सात बैल व सात मेंढे अर्पण करायचे आणि ईयोबाने त्यांच्यासाठी प्रार्थना करायची, तेव्हा त्यांना क्षमा मिळणार. दुःखी माणसाला पाप चिकटवणाऱ्यांना त्याच दुःखी माणसाच्या प्रार्थनेची गरज पडावी, याहून कठोर न्याय कोणता?

प्रभू येशूने हीच शिकवण पुढे नेली. शिलोह येथील बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, ती यरुशलेममधल्या इतरांपेक्षा अधिक पापी होती काय, असा प्रश्न त्यानेच लोकांना विचारला आणि स्वतःच नकारार्थी उत्तर दिले. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारले, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले आणि चिखल कालवून त्याच्या डोळ्यांना लावला. शिष्यांना कारण हवे होते. प्रभू कामाला लागला. तेव्हा कोणाच्या घरी अपघात झाला, मूल दगावले, दुर्धर आजार आला, की पापाचा हिशेब मांडत बसणे हे ख्रिस्ताच्या अनुयायाचे काम नव्हे, हे निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे.

येथवर आम्ही इतरांना उपदेश केला. आता स्वतःविषयी बोलणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील सात वर्षांची एक मुलगी डेंग्यूच्या तापाने चार दिवसांत गेली. पहिल्या ख्रिस्तशरीर स्वीकाराची तिची तयारी चालू होती. अंत्यविधीच्या मिस्सात प्रवचन करताना आम्ही सांगितले, की परमेश्वराला आपल्या बागेसाठी एक सुंदर फूल हवे होते, म्हणून त्याने ते खुडून नेले. लोकांच्या डोळ्यांत पाणी आले आणि प्रवचन चांगले झाले असे आम्हांला वाटले. दफनभूमीतून परतताना मुलीच्या आजीने आम्हांला थांबवले. ती हळूच म्हणाली, “फादर, देवाच्या बागेत फुलं कमी पडली होती काय जी?”

आमच्याजवळ उत्तर नव्हते. सेमिनरीत सात-आठ वर्षे तत्त्वज्ञान आणि ईश्वरविज्ञान शिकलेल्या माणसाला, शाळेचे तोंड न पाहिलेल्या त्या म्हातारीने एका वाक्यात जागेवर आणले होते. आम्ही देवाचे मौन झाकायला निघालो होतो आणि त्यासाठी आम्ही देवालाच लेकरे खुडणारा करून टाकले होते. अलीफज, बिल्दद आणि सोफर यांच्या पंगतीला जाऊन बसलो होतो. मुलीची आई त्यानंतर कित्येक महिने चर्चमध्ये आली नाही. लोक म्हणत, तिची श्रद्धा डळमळली. आम्हांला मात्र ठाऊक होते, की तिच्या श्रद्धेपेक्षा आमचे शब्दच पोकळ होते.

त्या दिवसांत आम्ही स्तोत्रसंहिता नव्याने वाचू लागलो. तिच्यातल्या १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. छोट्याशा १३व्या स्तोत्रात, हे कुठवर चालायचे, असे स्तोत्रकर्ता देवाला चार वेळा विचारतो. ४४व्या स्तोत्रात सबंध समाज म्हणतो, आम्ही तुला विसरलो नाही, तुझा करार मोडला नाही, तरीही हे आमच्या वाट्याला आले. आता तू जागा हो. ८८वे स्तोत्र तर आरंभापासून शेवटपर्यंत काळोखाचे आहे. इतर विलापगीतांच्या शेवटी सहसा आशेचा एखादा किरण येतो. येथे तोही नाही. अंधार हाच आपला सोबती उरला, अशा भावनेवर ते संपते. आणि नवल असे, की ख्रिस्तसभेने हे स्तोत्र कोठे दडवून ठेवले नाही. धर्मगुरू व धर्मभगिनींच्या दैनंदिन प्रार्थनेत दर शुक्रवारी रात्री झोपण्यापूर्वी ते म्हणावयाचे असते. आम्ही ते शेकडो वेळा म्हटले होते. म्हटले होते एवढेच, ऐकले नव्हते.

विलाप ही श्रद्धेची उणीव नव्हे, ती श्रद्धेचीच एक भाषा आहे. ज्याच्याकडून काहीच अपेक्षा नाही त्याच्याशी कोणी भांडत नाही. मराठी माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागू नये. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला. त्यांनी विठ्ठलाशी केलेली भांडणे महाराष्ट्राने अभंग म्हणून जपली. त्यांना कोणी नास्तिक म्हटले नाही. आपल्या मातीत देवाला जवळचा मानून त्याला खडसावण्याची रीत आहे. मग चर्चच्या उंबरठ्याच्या आत आल्यावरच आपण दुःखी माणसाला गप्प का करतो?

या संदर्भात पंडिता रमाबाईंची आठवण होते. त्या आपल्या कॅथलिक परंपरेतल्या नव्हत्या; परंतु मराठी ख्रिस्ती माणसाने त्यांच्यापुढे नतमस्तक व्हावे अशी त्यांची योग्यता होती. १८७० च्या दशकातील दुष्काळात त्यांचे वडील, आई आणि बहीण मरण पावली. १८८० साली भाऊ गेला. १८८२ साली, लग्नाला दोन वर्षेही झाली नसताना, पती गेले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या आपल्या या मध्य प्रांतात आल्या आणि येथल्या अनाथ मुलींना त्यांनी आपल्याबरोबर नेऊन आसरा दिला. आपण उपाशी असताना देव का बोलला नाही, याचे स्पष्टीकरण देत त्या बसल्या नाहीत. आपण उपाशी होतो हे विसरल्या नाहीत, एवढेच. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषा शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा त्यांच्या डोळ्यांदेखत गेली, १९२२ साली त्या स्वतः गेल्या आणि १९२४ साली ते भाषांतर प्रसिद्ध झाले. ईयोबाचा आक्रोश मराठीत लिहिताना त्या लेखणीला काय वाटले असेल, याची आपण केवळ कल्पना करावी.

आता देवाच्या मौनाकडे वळू. ईयोबाच्या ग्रंथात परमेश्वर शेवटी वादळातून बोलतो; पण ईयोबाच्या प्रश्नाला उत्तर देत नाही. पृथ्वीचा पाया, समुद्राची दारे, रानटी गाढव, शहामृग आणि गरुड यांच्याविषयी तो ईयोबालाच प्रश्न विचारतो. पुष्कळांना हे उत्तर टाळणे वाटते. आम्हांलाही वाटत असे. परंतु एक गोष्ट त्यात महत्त्वाची आहे: परमेश्वर ईयोबाला पापी म्हणत नाही. मित्रांनी शोधलेले कारण तो मान्य करीत नाही आणि स्वतःही कारण सांगत नाही. ईयोबाला स्पष्टीकरण मिळत नाही. त्याला देव भेटतो. आणि त्याची मुले? शेवटी गुरेढोरे दुप्पट झाली. मुले मात्र पूर्वीइतकीच, सात मुलगे व तीन मुली झाली. काही जुन्या भाष्यकारांनी याचा अर्थ असा लावला, की पहिली दहा देवाजवळ जिवंतच आहेत, म्हणून दुप्पट करण्याची गरज नव्हती. एका मुलाची जागा दुसरे मूल घेत नाही, हे प्रत्येक आईला ठाऊक असते. त्या भाष्यकारांनाही ते ठाऊक असावे.

एलिया संदेष्ट्याला होरेब डोंगरावर देव वाऱ्यात भेटला नाही, भूकंपात भेटला नाही, अग्नीतही भेटला नाही. त्यानंतर जे आले त्याला हिब्रूमध्ये जे शब्द आहेत त्यांचा अर्थ नाजूक शांततेचा आवाज, असा होतो. म्हणजे शांतता आणि अनुपस्थिती या एकच गोष्टी नव्हेत. तथापि हे विधानही दुःखी माणसाच्या तोंडावर फेकण्याचे नव्हे. एलिया स्वतः त्या शांततेपर्यंत चाळीस दिवस चालून गेला होता. त्याला कोणी ती घरबसल्या समजावून सांगितली नव्हती.

या सर्वांचा कळस कालवारीवर होतो. येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी आकाशातून पित्याची वाणी आली होती. रूपांतराच्या डोंगरावरही ती आली होती. क्रुसावर मात्र येशूने २२व्या स्तोत्राच्या आरंभीच्या शब्दांत, तू मला का सोडलेस, असे देवाला विचारले, तेव्हा आकाश निरुत्तर राहिले. मार्कच्या शुभवर्तमानात त्यानंतर बोलतो तो एक परकीय शताधिपती. पुढे पवित्र शनिवार येतो. त्या दिवशी वेदी उघडी असते, मिस्सा नसतो, पवित्र पेटी रिकामी असते. आपली ख्रिस्तसभा वर्षातून एक संपूर्ण दिवस देवाच्या मौनात घालवते, याचा अर्थ आपण कधी नीट लक्षात घेतला आहे काय? आपला विश्वास असा, की निष्पापाच्या यातना देवाने वरून पाहिल्या नाहीत. त्या त्याने आतून सोसल्या. आणि पुनरुत्थानानंतरही प्रभूच्या हातांवरचे खिळ्यांचे वण तसेच राहिले. इस्टरने शुभ शुक्रवार पुसून टाकला नाही.

येथे एक प्रामाणिक आक्षेप उभा राहतो. फ्रेंच लेखक आल्बेर काम्यू यांनी १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्लेग’ या कादंबरीत एका लहान मुलाचा मृत्यू दाखवला आहे. प्लेग ही पापाची शिक्षा आहे असे प्रवचन आधी केलेले एक धर्मगुरू त्या मुलाच्या खाटेजवळ असतात आणि त्यानंतर त्यांचे ते जुने प्रवचन त्यांना पुन्हा करता येत नाही. काम्यू विचारतात त्याचा आशय असा, की ज्या सृष्टीत मुलांचा असा छळ होतो ती आम्ही का स्वीकारावी? देवानेही दुःख भोगले, या उत्तराने त्या मुलाचे दुःख कमी होत नाही, हे आम्हांला मान्य आहे. या आक्षेपाला तर्काने गप्प करणारे उत्तर आमच्यापाशी नाही. २०१५ च्या जानेवारीत मनिला येथे बारा वर्षांच्या एका मुलीने रडत रडत पोप फ्रान्सिस यांना विचारले होते, की देव मुलांवर हे का येऊ देतो? पोप महोदयांनी तयार भाषण बाजूला ठेवले आणि या प्रश्नाला उत्तर नाही हे कबूल करून तिला जवळ घेतले. जे उत्तर पेत्राच्या आसनावर बसलेल्यांना देता आले नाही, ते आम्ही द्यावे अशी अपेक्षा वाचकांनी करू नये.

मात्र एक प्रश्न आम्ही उलट विचारू इच्छितो. ऐकणारा कोणीच नसेल, तर अन्यायाने मेलेल्यांचे पुढे काय? मग त्या ११४ जणांची फाइल कायमची बंद झाली. ईयोब राखेत बसूनही म्हणतो, की आपला कैवार घेणारा जिवंत आहे आणि तो शेवटी उभा राहील. त्यासाठी मूळ हिब्रूत जो शब्द आहे, त्याचा अर्थ गरीब नातलगाची बाजू घेऊन त्याचा हक्क परत मिळवून देणारा आप्त, असा होतो. आपला विश्वास म्हणजे दुःखाचे स्पष्टीकरण नव्हे. ती फाइल बंद होऊ द्यायला दिलेला नकार म्हणजे विश्वास. आई मुलाच्या कबरीवर देवाशी भांडते, तेव्हा तीही हेच करीत असते.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. आपण ज्याला देवाचे मौन म्हणतो, ते पुष्कळदा माणसाचे मौन असते. पेरूमधील धर्मगुरू गुस्ताव्हो गुतिएरेझ यांनी निष्पापांच्या दुःखाच्या दृष्टीने ईयोबाचा ग्रंथ वाचला आणि १९८६ साली त्यावर पुस्तक लिहिले. ईयोब हळूहळू स्वतःच्या दुःखाबाहेर येऊन इतर गरिबांचे दुःख पाहू लागतो, हे त्यांनी दाखवून दिले. २४व्या अध्यायात ईयोब दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या, उघड्यावर थंडीत कुडकुडणाऱ्या, द्राक्षे तुडवत असताना स्वतः तहानेलेल्या माणसांविषयी बोलतो. कापूस पिकवणाऱ्याच्या अंगावर धड कपडा नसलेल्या या विदर्भात तो अध्याय वेगळा समजावून सांगावा लागत नाही. १९९४ च्या त्या संध्याकाळी आकाश गप्प होते, हे खरे. पण निवेदन घेऊन आलेल्या माणसांशी बोलण्याची जबाबदारी आकाशावर नव्हती. त्यानंतर १९९५ साली गोवारी समाजाचा विशेष मागास प्रवर्गात समावेश झाला. २०१८ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. कायद्याचा निवाडा करण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु त्या उड्डाणपुलावरून, ज्याला गोवारी शहिदांचे नाव दिले आहे, आपण रोज ये-जा करतो आणि ते नाव कोणाचे हे आपल्या मुलांना सांगत नाही. हे मौन देवाचे नव्हे, आपले आहे.

बेथलेहेमच्या निष्पाप बालकांचा सण आपण २८ डिसेंबरला पाळतो. नाताळच्या गोडधोडात तो सहसा झाकून जातो. त्या बालकांच्या हत्येची हकीकत सांगताना मत्तयने यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथातील रडणाऱ्या राहेलचा उल्लेख केला आहे. ती आपल्या मुलांसाठी रडते आणि सांत्वन करून घ्यायला तयार नाही. यिर्मयाच्या ग्रंथात याच्या पुढच्याच ओळीत परमेश्वर तिला डोळे पुसायला सांगतो आणि मुले परत येण्याची आशा देतो. मत्तयने ती पुढची ओळ घेतली नाही. त्याला ती ठाऊक नव्हती असे नाही. बेथलेहेमची मुले परत येणार नव्हती, म्हणून त्याने घाईने राहेलचे डोळे पुसले नाहीत. शुभवर्तमानाच्या दुसऱ्याच अध्यायात एक आई रडते आहे आणि शुभवर्तमानकार तिला रडू देतो. आम्हांला वाटते, दुःखितांच्या घरी जाणाऱ्या प्रत्येक धर्मगुरूने आणि प्रत्येक ख्रिस्ती कुटुंबाने मत्तयकडून एवढे तरी शिकावे.

त्या मुलीच्या घरी आम्ही पुढे पुष्कळदा गेलो. प्रवचनातल्या त्या वाक्याबद्दल तिच्या आजीची आणि आईची क्षमा मागितली. आजीने चहा दिला. आई काही बोलली नाही. आम्हीही बोललो नाही. आमच्या वृद्ध प्राध्यापकांनी एका तासात शिकवलेले आम्ही त्या ओसरीवर बसून उजळणी करीत होतो. वर्षश्राद्धाच्या मिस्साच्या आदल्या दिवशी ती आई आमच्याकडे आली. तिने विचारले, “फादर, शेवट गोड नाही असं एखादं स्तोत्र आहे का बायबलमध्ये?” आम्ही तिला ८८वे स्तोत्र काढून दिले. तिने ते उभ्या उभ्या वाचले आणि उद्या हेच आपण वाचणार, असे सांगितले.

दुसऱ्या दिवशी तिने ते वेदीजवळ उभे राहून वाचले. आवाज एकदाच अडखळला. ते संपल्यावर आम्ही प्रवचन केले नाही. काही वेळ चर्चमध्ये सर्व जण गप्प बसून राहिले आणि मग आम्ही अर्पणविधीला आरंभ केला. तिच्या प्रश्नाचे उत्तर तिला मिळाले असे आम्ही म्हणणार नाही. आम्हांलाही ते मिळालेले नाही. परंतु ती पुन्हा देवाशी बोलू लागली होती, आणि तिच्या शेजारच्या बाकावर दाटीवाटीने माणसे बसली होती. पवित्र शनिवारी आपल्या हाती एवढेच असते. तेवढे तरी आपण एकमेकांना देत जावे, अशी आमची वाचकांना नम्र विनंती आहे.